पणजोबांचा माग : चावडीपासून गिरणीपर्यंत

श्राद्धाला बसलेल्या माणसाला बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. बहुतेक घरांची वंशावळ तिथेच संपते. पणजोबांचं नाव ठाऊक असतं. पण ते काय काम करत, त्यांना भावंडं किती होती, ते कधी आणि कशानं गेले, असं विचारलं की 'गिरणीत होते म्हणे', 'लढाईवर गेले होते म्हणे' यापुढे गाडी सरकत नाही.

या 'म्हणे'ला कागदाचा आधार बऱ्याचदा मिळतो. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही की वकील लागत नाही. चिकाटी, एक जाडजूड वही आणि कोणता कागद कोणत्या कचेरीत असतो याची माहिती पुरते.

सोयीसाठी एक काल्पनिक पणजोबा धरू. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे धोंडू, जन्म 1895 च्या आसपास. पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, नंतर मुंबईच्या गिरणीत, आणि अखेर कुठे झाली हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. आपल्याला तीन गोष्टी शोधायच्या आहेत : ते कुणाचे कोण, पोटापाण्याला काय करत, आणि कधी, कुठे गेले.

पहिली पायरी : घरातली माणसं

शोध स्वतःपासून सुरू करून एकेक पिढी मागे जायचं. कुठल्या तरी पराक्रमी पूर्वजापासून खाली उतरायला गेलं की हमखास फसगत होते, कारण मधल्या दोन पिढ्या जुळवण्यासाठी मग ओढाताण करावी लागते.

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे बसा. 'पणजोबा कसे होते?' असा मोघम प्रश्न विचारू नका. 'त्यांच्या बहिणी कोणत्या गावी दिल्या?', 'आपण सुतक कुणाकुणाचं धरतो?', 'कुलदैवत कोणतं?', 'मुंबईला ते कुणाच्या खोलीवर राहायचे?' असं विचारा. सुतक कुणाचं धरतात हे कळलं की भावकी कळते, आणि एखाद्या घरी आपल्या घरात नसलेला कागद निघतो.

श्राद्धाची तिथी आवर्जून विचारा. साल विसरलेलं असतं, पण तिथी घरानं जपलेली असते. पुढे मृत्यूची इंग्रजी तारीख सापडली की ती पंचांगावरून पडताळता येते. मात्र पितृपक्षातली प्रत्येक तिथी मृत्यूची नसते. तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. चतुर्दशी बहुधा शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांसाठी असते. धोंडूंच्या घरी चतुर्दशी पाळत असतील, तर लढाईची किंवा गिरणीतल्या अपघाताची शक्यता मनात ठेवावी.

मग पत्र्याची पेटी उघडा. जुना सातबारा, खरेदीखत, रेशनकार्ड, विम्याचे कागद, लग्नपत्रिका आणि फोटोची मागची बाजू बघा. पोथीच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म टिपलेले असतात, तेही पाहा. मनीऑर्डरची कुपनं फार कामाची. मुंबईहून गावी पैसे पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि रक्कम त्यावर असते. चाळीचं नाव आणि खोली क्रमांक मिळाला की शहरातल्या शोधाला धागा मिळतो.

दुसरी पायरी : वही लावणं

प्रत्येक माणसाला वहीचं एक पान द्या. पानावर चार रकाने आखा : कोणता कागद, तो कधी लिहिला गेला, त्यात नेमकं काय आहे, आणि आपली खात्री किती. कागदात जसं लिहिलंय तसंच उतरवा. 'धोंडी' असेल तर मनानं 'धोंडू' करू नका.

इथे नावांचा घोळ समजून घेतलेला बरा. जुन्या दप्तरात आडनाव कित्येकदा नसतंच. 'धोंडू बिन राणू' म्हणजे राणूचा मुलगा धोंडू. 'कोम' किंवा 'भ्रतार' या शब्दापुढे नवऱ्याचं नाव येतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यानं 'राणू धोंडू' आणि 'धोंडू राणू' हे आलटून पालटून येतात, आणि एकाच भावकीत एकाच वेळी दोन-तीन धोंडूही असतात. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. बापाचं नाव, गाव आणि जमिनीचा नंबर यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका.

तिसरी पायरी : शाळेचं रजिस्टर

पणजोबा शाळेत गेले नसतील, पण आजोबा बहुधा गेले असतील. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की उतारा मिळतो. या नोंदीला 'प्रवेश निर्गम उतारा' म्हणतात. शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली असेल, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा.

इथली मोठी अडचण जन्मतारखेची. पूर्वी मूल शाळेत घालताना तारीख सांगता आली नाही की गुरुजी अंदाजानं लिहीत. जून महिन्यात शाळा सुरू होत असल्यानं 1 जून ही तारीख अर्ध्या गावाच्या वाट्याला आलेली दिसते. तेव्हा रजिस्टरातलं साल एक-दोन वर्षांच्या फरकानं धरा. शाळा सोडल्याचं कारण मात्र लक्ष देऊन वाचा. 'परगावी गेला' एवढ्या दोन शब्दांवरून कुटुंबानं गाव कधी सोडलं याचा अंदाज येतो.

चौथी पायरी : जमिनीचे कागद

वंशावळीचा कणा जमिनीच्या दप्तरात सापडतो. माणूस गेला, वाटणी झाली, जमीन विकली की तलाठ्याला त्याची नोंद करावी लागे, कारण सारा कुणाकडून वसूल करायचा हे सरकारला ठाऊक हवं होतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्र उतारा : जमीन कुणाची आणि तीत पीक काय. आताचा सातबारा मोबाईलवर दिसतो, पण आपल्याला हवा तो हस्तलिखित जुना. त्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला असतो. पणजोबांच्या नावाला कंस पडलाय, त्याखाली तीन मुलांची नावं आलीत आणि शेजारी वर्तुळात 412 आहे, असं दिसलं तर लगेच 412 क्रमांकाचा फेरफार मागवा.

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. बदल का झाला, ते तीत वाक्यात लिहिलेलं असतं. वारस नोंदीचा मजकूर साधारण असा असतो : 'खातेदार अमुक हे अमुक रोजी मयत. मागे वारस मुलगे अमुक व तमुक, तमुक अज्ञान, पालनकर्ती आई अमुक.' या तीन ओळींत मृत्यूची तारीख, पत्नीचं नाव, मुलांचा क्रम आणि धाकटा तेव्हा अल्पवयीन होता ही माहिती मिळते. वारसांची वेगळी नोंदवही म्हणजे सहा-क. तीही मागा.

मात्र मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख यांत गल्लत करू नका. माणूस गेल्यावर नोंद व्हायला कधी कधी दहा-पंधरा वर्षं लागत. 'सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत' असंही लिहिलेलं सापडतं. उताऱ्यावर ठळक दिसते ती तारीख नोंदीची असते. मृत्यूची मजकुरात शोधावी लागते.

पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर अजिबात नाही, म्हणून जमीनच नव्हती असं समजू नका. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' अशी अक्षरं आहेत का पाहा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता असा त्याचा अर्थ. जमीन सगळ्या भावांची, नाव एकाचं. अशा वेळी थोरल्या भावाचे फेरफार पुढे वाचत जा. वाटणीच्या नोंदीत आपले पणजोबा सापडतील. पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ असतील, तर इतर हक्काच्या रकान्यात नाव असतं. 1948 च्या कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला. त्या सुमाराचे फेरफार कुळांच्या घरांसाठी फार मोलाचे.

आणखी एक अडसर नंबरांचा. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन 1930 चा कागद मागितला की 'असा नंबरच नाही' असं उत्तर मिळतं. एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्या, मगच मागे जा.

लेकींचा शोध जमिनीच्या कागदात अवघड जातो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी वारसांत मुलींची नावं क्वचित येतात. त्यानंतरचं हक्कसोडपत्र शोधा. बहिणी भावांच्या लाभात हक्क सोडतात तेव्हा त्यांचं सासरचं नाव, वय आणि गाव लिहावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांच्या सूची असतात, त्यांवरून दस्त काढता येतो. आत्याच्या सासरी गेलेली अख्खी शाखा अशा एका कागदावरून हाती लागते.

पाचवी पायरी : कचेरीत काय मागायचं

जुने उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. मोजणीचे कागद, म्हणजे टिपण, आकारबंद आणि शेतवार पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयात. नकलेसाठी साधा अर्ज आणि ठरलेली फी लागते. अर्जात गाव, जुना नंबर, साल आणि नमुन्याचं नाव स्पष्ट लिहा. 'आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रं मिळावीत' असा अर्ज परत येतो.

दप्तर अ, ब, क, ड अशा वर्गांत लावलेलं असतं आणि वर्गानुसार रुमालाचा रंग ठरतो. अ वर्ग लाल रुमालात बांधतात आणि तो कायम जपायचा असतो. इतर वर्गांचे कागद मुदत संपली की नष्ट करता येतात. त्यामुळे 'कागद नाही' याचा अर्थ प्रत्येक वेळी 'दडवला' असा होत नाही. नोंद उपलब्ध नसल्याचं लेखी मागून घ्या, म्हणजे तेच पुन्हा शोधण्याचा व्याप वाचतो.

जाण्याआधी घरबसल्या दोन ठिकाणं पाहा. महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने उतारे आणि फेरफार छायाप्रतीत आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा राज्यभर शोध झाला. त्यातल्या गाववार छायाप्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. आपलं कुटुंब कोणत्याही जातीचं असो, गावात कोणती नोंदवही शिल्लक आहे, हे त्यावरून कळतं.

विभाग बदलला की दप्तरही बदलतं. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले बरेच कागद उर्दूत आहेत. तिथे खासरा पत्रक मागा. विदर्भ मध्यप्रांतात होता. तिथे मिसल आणि अधिकार अभिलेख ही नावं चालतात. गोव्यात ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची पुस्तकं पाहावी लागतात, आणि जुने पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेख विभागात. वसईच्या ख्रिस्ती घरांनीही चर्चपासूनच सुरुवात करावी.

सहावी पायरी : मोडी आणि सालं

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचं गावदप्तर मोठ्या प्रमाणावर मोडीत आहे. मोडीत शब्द न तोडता ओळ सलग चालते आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. 'राणू' की 'रामू' हे एका फराट्यावर ठरतं. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण त्याला आपल्याला हवं असलेलं नाव आधी सांगू नका. सांगितलं की डोळ्यांना तेच दिसू लागतं. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. मुळाक्षरं आणि आकडे शिकलात तरी आपल्या गावाचं पान ओळखता येतं.

शक सालात 78 मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवा. फसली सालात 590 मिळवायचे. फसली वर्ष इंग्रजी वर्षाच्या मध्यावर बदलतं, म्हणून उत्तर दोन सालांत पसरतं : फसली 1328 म्हणजे 1918-19. महसुली वर्षही 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपतं.

सातवी पायरी : गाव नमुना चौदा

गावातले जन्म आणि मृत्यू ज्या वहीत लिहीत ती गाव नमुना चौदा. बोलीत तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

ही वही नावानुसार लावलेली नाही, तारखेनुसार आहे. म्हणून अख्खं साल पान पान वाचावं लागतं. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी होई. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव एवढंच असतं. 'धोंडू' शोधत बसाल तर सापडणार नाही. 'राणू'ला झालेला 'मुलगा' शोधा. राणूला तीन मुलगे झाले असतील, तर कोणता धोंडू हे भावांच्या वयावरून ठरवावं लागेल.

मृत्यूच्या पानावर वय आणि कारण असतं. कारणं लोकांच्या भाषेत : ताप, पटकी, देवी, हगवण, खोकला. पटकी म्हणजे कॉलरा. शके 1840 च्या आश्विनाच्या, म्हणजे ऑक्टोबर 1918 च्या सुमाराची पानं उघडा. पुष्कळ गावांत एरवी महिन्याला चार-दोन नोंदी असतात, तिथे पानंच्या पानं भरलेली दिसतात आणि कारणाच्या रकान्यात खाली खाली फक्त 'ताप'. ही इन्फ्लुएंझाची साथ. धोंडूंची पहिली बायको किंवा लहान मूल त्या पानांत असण्याची शक्यता बरीच, आणि घरात 'दुसरं लग्न का केलं' याचं उत्तरही तिथेच मिळतं. प्लेग 1896 मध्ये मुंबईत आला आणि पुढची काही वर्षं जिल्ह्यांत फिरत राहिला. त्या काळात गाव रानात राहायला जाई, तेव्हा नोंदी विस्कळीत असल्या तर नवल नाही.

आठवी पायरी : पोटापाण्याचा माग

धोंडू पलटणीत असतील तर दोन शक्यता : रणात पडले किंवा परत आले. पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. नाव, शिपाई क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक तीत असतं, आणि कधी कधी बापाचं नाव आणि गावही. मराठा पलटणींतले अनेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. कूत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींचे जवान अडकले होते. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे.

शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा ताप होतो. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि आडनाव असेलच असं नाही. नाव चारपाच प्रकारे लिहून पाहा, किंवा पलटण आणि साल धरून सगळी यादी चाळा. पलटणींची नावंही 1922 च्या फेररचनेत बदलली. जुन्या क्रमांकाच्या पलटणी 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' या नावाखाली आल्या.

गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का, तेही बघा. या गावातून किती माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढंच त्यावर कोरलेलं असतं. नावं नसतात. पण 'लढाईवर गेले होते म्हणे' याला तेवढा तरी आधार मिळतो. परतलेल्यांसाठी घरातलं पेन्शन बुक, डिस्चार्ज प्रमाणपत्र आणि पदकं शोधा. त्या काळच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती भिंगानं वाचा, आणि पदक घासूनपुसून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका.

गिरणीचा माग काढणं जास्त जिकिरीचं. जुन्या मस्टरांपैकी थोडीच उरली आहेत. घरात तिकीट क्रमांक, लाल पास, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी किंवा राज्य कामगार विम्याचं कार्ड आहे का पाहा. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1952 चा, म्हणजे 1930 च्या धोंडूंची फंडाची चिठ्ठी मिळणार नाही, त्यांच्या मुलाची मिळेल. मुलाच्या कागदाचा उपयोग असा की गिरणीत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीनं होई. बाप, मुलगा, पुतण्या एकाच गिरणीत, पुष्कळदा एकाच खात्यात लागत. मुलगा कुठे होता हे कळलं की बापाची गिरणी अंदाजानं तरी ठरते. जानेवारी 1982 च्या गिरणी संपानंतरच्या पिढीनं म्हाडाच्या घरांसाठी अर्ज भरले असतील, तर त्या फायलीसाठी घरच्यांनी हे कागद आधीच गोळा केलेले असतात.

गावकीच्या खोल्या हा गिरणगावातला दुर्लक्षित खजिना. लालबाग, परळ, डिलाईल रोड भागात एकेका गावाच्या मंडळाची खोली असे. गावचे चाकरमानी तिथे वळकटी टाकून राहत. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत कोण कधी आलं आणि कुणाची वर्गणी कोणत्या साली थांबली, हे दिसतं. गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींना भेटून जुन्या वह्या आहेत का विचारा.

पणजोबा सरकारी नोकरीत किंवा रेल्वेत असतील तर सेवापुस्तक शोधा. त्यात बापाचं नाव, उंची, ओळखीच्या खुणा, बदल्या, रजा आणि वारसाचं नाव असतं. रेल्वे कंपन्यांची नावं बदलली हे ध्यानात ठेवा : जीआयपी 1951 मध्ये मध्य रेल्वेत आली, बीबीसीआय पश्चिम रेल्वेत.

कुणाचे पूर्वज मॉरिशसला गेले असतील, तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक दिलेला असे. नाव, बापाचं नाव, गाव, वय आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं, हे त्यांत सापडतं. कोकण-घाटावरून मुंबई बंदरातून गेलेल्यांची तिथली मराठी कुटुंबं अशाच नोंदींवरून आपलं मूळ गाव शोधतात.

नववी पायरी : मृत्यूची नोंद

मृत्यू जिथे झाला तिथे नोंदला जातो, मूळ गावी नाही. पुष्कळांचा शोध इथेच अडतो. धोंडू परळच्या इस्पितळात गेले असतील, तर गावच्या वहीत ते सापडणार नाहीत. मुंबई महापालिकेच्या त्या भागातल्या वॉर्ड कार्यालयात जन्म-मृत्यू विभागाकडे शोधअर्ज करा. दहन झालेल्या स्मशानभूमीचं किंवा दफन झालेल्या कब्रस्तानाचं रजिस्टर हा दुसरा पुरावा. तिसरा म्हणजे गावचा वारस फेरफार.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शोध घेऊन उतारा मागता येतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण दाखवायचं नाही अशी त्यात तरतूद आहे. कारण हवं असेल तर घरातले दवाखान्याचे कागद किंवा आधीच्या काळातला नमुना चौदा पाहा. जनगणनेच्या याद्या मागायला मात्र जाऊ नका. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या जनगणनेवरून घराणी शोधतात, पण आपल्याकडे 1948 च्या कायद्यानं घरोघरच्या नोंदी गोपनीय आहेत.

दहावी पायरी : उपाध्ये आणि हेळवी

कचेऱ्यांचं दप्तर संपलं की तीर्थक्षेत्राकडे वळा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. यात्रेला आलेल्याचं नाव, सोबतचे नातेवाईक, आधीच्या पिढ्या आणि कधी कधी खाली सही किंवा अंगठा मिळतो. तिथे बायकांची नावंही येतात, हे विशेष.

दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगतात आणि त्यांच्याकडे वह्या असतात. काही घराण्यांचे कुळवृत्तांत छापलेले आहेत. या सगळ्याचा उपयोग दिशा म्हणून करा. दहा पिढ्या मागे एखाद्या नामांकित सरदाराशी नाळ जोडलेली दिसली, तर मधल्या प्रत्येक पिढीला दुसरा पुरावा मागा.

शेवटची पायरी : जुळवणी

आता वही पुढे घ्या. एकाच माणसाचं वय शाळेच्या, पलटणीच्या आणि मृत्यूच्या कागदात तीन प्रकारचं निघेल. घाबरू नका. प्रत्येक कागद वेगळ्या कामासाठी लिहिला गेला. तलाठ्याला सारा हवा होता, गुरुजींना पट आणि भरती अधिकाऱ्याला तरुण गडी. लिहिणाऱ्याला ज्या गोष्टीची गरज होती ती बहुधा बरोबर असते. बाकीचं तो ऐकीव लिहून मोकळा होतो. म्हणून जमिनीच्या वाटणीसाठी फेरफारावर विश्वास ठेवा, वयासाठी नको. मृत्यूच्या तारखेला तेव्हाच लिहिलेली नोंद वीस वर्षांनंतरच्या प्रतिज्ञापत्रापेक्षा वरचढ.

एकमेकांवरून न उतरवलेले दोन कागद जुळले तर नोंद पक्की समजा. एकच असेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला आणि ते तसंच राहू द्या. भावकीनं आग्रह केला म्हणून प्रश्नचिन्ह खोडू नका. वंशावळ वाटताना हयात माणसांच्या जन्मतारखा आणि ओळखपत्रांचे क्रमांक तीत ठेवू नका.

तयार वहीची एक प्रत भावकीत द्या आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा. कचेरीचे रुमाल पुढच्या महिन्यातही जागेवर असतील. ऐंशीच्या घरातल्या आत्याबाईंना मात्र याच रविवारी भेटून या.